जुन्या सायलेन्सरचा आवाज

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा मेकॅनिक. भुताखेतांचा विषय निघाला की "तुमच्या प्लगमध्ये कचरा अडकलाय" म्हणून हसण्यावारी नेणारा माणूस. आता मात्र दिवस कलला की ते हातातलं काम टाकून घरी पळतात.

गेल्या थंडीतली ती संध्याकाळ. गोदामांमागचा सरळ रस्ता.

मामा चालवत होते त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या थोरल्या मामांची मोटारसायकल. थोरले मामा कामावरून परतताना वाटेतच गेले. छातीत कळ आली असावी. रस्त्याच्या कडेला गाडी नीट स्टँडवर लावलेली, शेजारी ते बसल्या जागी कलंडलेले...

आणि इंजिन चालूच.

मामांनीच मग चावी फिरवून ते बंद केलं.

तेव्हापासून गाडी मामा वापरायचे. घर एकच, मामांचं लग्न झालेलं नाही, घरात ते आणि थोरली मामी, दोघंच. रोज संध्याकाळी गाडीचा तो खालच्या पट्टीतला, दमदार आवाज कोपऱ्यावर आला की मामी फाटक उघडायला उठायची. दारापर्यंत यायची.

मग तिला आठवायचं.

एक दिवस ती म्हणाली, "भाऊजी, गाडी ठेवा हवी तर. पण तेवढा आवाज बदला. रोज रोज नाही हो सोसवत."

दुसऱ्याच दिवशी मामांनी जुना सायलेन्सर काढून नवा, मोकळ्या आवाजाचा बसवला. गाडी सुरू केली तसा शेजारचा वेल्डर कानावर हात ठेवून बाहेर आला.

"अरे, डांग्या खोकला झालाय की काय हिला?"

खोकला होताच. सायलेन्सर बदलला की इंजिनाचा श्वास बदलतो. पेट्रोल कमी पडतं आणि गाडी फाडफाड फटाके फोडते. मग कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, ते बदलायचं, मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण ताणायची आणि त्याच वेगात इंजिन बंद करून क्लच दाबायचा. गाडी आपोआप घरंगळत थांबते. प्लग काढून बघायचा. पांढरा असला तर पेट्रोल अजून कमी, काळा असला तर जास्त.

त्या संध्याकाळी गोदामांमागच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामांनी गाडी ताणली. चावी बंद. क्लच.

नवा आवाज तुटला...

आणि त्याच्याखाली दुसरा एक आवाज चालू होता.

खालच्या पट्टीतला. दमदार.

गाडी थांबली तसा तोही थांबला. मामांनी चावी पाहिली. बंद. कान बधिर झाले असतील, म्हणत त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. प्लग पांढरा निघाला. त्यांनी मोठं जेट बसवलं, गाडी घराच्या दिशेला वळवली आणि पुन्हा ताणली. खोकला गेला होता.

चावी बंद. क्लच. नुसती टायरची सळसळ...

या वेळी तो आवाज मागून आला.

मामांनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

आवाज जवळ आला. अगदी पाठीशी. मग शेजारी... पोटरीला गरम धग लागली, तापलेल्या सायलेन्सरजवळ पाय गेला की लागते तशी.

आवाज त्यांना मागे टाकून पुढे गेला.

पुढे म्हणजे घराकडे.

मामांनी चावी फिरवून किकवर किक मारली. गाडी ढिम्म. त्यांनी घाईघाईने घरी फोन लावला.

"हो हो, ऐकलं, निघालेच फाटक उघडायला!" मामीचा आवाज कितीतरी दिवसांनी हसरा होता. "जुनाच बसवलात होय परत? आणि कोपऱ्यावर दोनदा रेस दिलीत ती? अगदी ह्यांच्यासारखी!"

थोरले मामा कोपऱ्यावर दोनदा रेस द्यायचे. आलो, असं सांगायला. मामांनी ती सवय कधीच उचलली नव्हती.

"वहिनी, उघडू नका! मी अजून रस्त्यावरच आहे!"

फोनमध्ये फक्त उभ्या गाडीचा संथ आवाज...

मग फाटकाची कडी सरकली.

मामा धापा टाकत पोहोचले तेव्हा फाटक सताड उघडं होतं. मामी पायरीवर बसलेली. "गेले," एवढंच म्हणाली.

मामांनी लगोलग जुना सायलेन्सर परत बसवला. गाडी सुरू झाली, पण आवाज भलताच, पोकळ. जुना आवाज त्यात उरलाच नव्हता.

दिवस कलला की तो आता एकटाच येतो. कोपऱ्यावर दोनदा रेस... मग फाटकासमोर. मामांनी फाटकाला कुलूप घातलंय. आधी तो लगेच निघून जायचा. आता बराच वेळ उभा असतो. पूर्वी चावी फिरवली की बंद तरी व्हायचा. आता कुठली चावी फिरवायची, ते मामांना कळत नाही.

परवा मी तिथेच होतो. मीही ऐकला.

मामी आतून आली. पायात बाहेर जायची चप्पल, केसांना रुमाल बांधलेला, थोरल्या मामांच्या मागे बसताना बांधायची तसाच. मामांनी तिचा हात घट्ट धरला होता.

"सोडा हो भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "किती वेळ उभं ठेवायचं त्यांना? पेट्रोल जळतंय उगाच."