दिवा अप्पांसाठीच आहे!

गच्चीवर मी वाळलेल्या लाल मिरच्या गोळा करत होते. अंगात आईची फुलाफुलांची ढगळ विजार, हातात रबरी मोजे, केसांना कपड्यांचा चिमटा... आणि खालच्या गल्लीतून माईकवर आवाज आला—

"आता वर बघा. या निळ्या गच्चीवर एक मुलगी रोज संध्याकाळी दिवा लावते. तिचा प्रियकर जहाजावर गेलाय... तो परत येईल म्हणून."

सगळे मोबाइल माझ्यावर रोखले गेले.

"कोणाचा प्रियकर? कुठलं जहाज?" मी ओरडले.

माईकवाल्या गाइडने दचकून वर पाहिलं. उंच, किडकिडीत, थंडीने कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "माफ करा हं... पण लोकांना ही गोष्ट फार आवडते."

"मग स्वतःच्या गच्चीवरची सांगा!"

मी पाण्याची बादली उचलली तशी मंडळी पांगली. तो मात्र तिथेच उभा राहून हसला. निर्लज्ज कुठला!

आमची वस्ती दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या डोंगरउतारावर. माथ्यावरून शहराचे दिवे दिसतात, म्हणून संध्याकाळ झाली की पर्यटकांची रांग आमच्या दारावरून वर जाते. कोणी खिडकीतून आमच्या पातेल्यात डोकावतं, कोणी दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढतं. तेही सोसलं. पण जो प्रियकर मला अजून मिळालेलाच नाही, तो याने परस्पर जहाजावर धाडून दिला? दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात कोणीतरी अप्पांनाच विचारलं, "जावईबापू कुठल्या बोटीवर असतात?" अप्पांनी घरी येऊन आईला तेवढं सांगितलं आणि माझ्याकडे न बघताच जेवायला बसले.

पुढच्या संध्याकाळी मी सरळ त्याच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, हानगिल. आमच्या दाराशी आल्यावर त्याला मी दिसले आणि त्याने माईक खाली घेतला.

"सांगा ना," मी म्हटलं, "थांबलात का?"

"ती जहाजाची गोष्ट... मी रचलेली होती."

"आणि खरी मी सांगते. अंधार पडला की माझ्या वडिलांना नीट दिसत नाही. बाजारातून पायऱ्या चढून येताना त्यांना घराचा अंदाज यावा म्हणून दिवा लावते. दिवा अप्पांसाठी आहे. कळलं?"

घोळक्यातल्या एका काकूंनी डोळे पुसले. "हीच गोष्ट जास्त छान आहे की रे पोरा."

"हो..." तो माझ्याकडे बघत म्हणाला. का कोण जाणे, त्याचा चेहरा एकदम उजळला होता. "यापुढे या गल्लीतून येणार नाही. तुम्हाला त्रास नको."

"उत्तम!" मी धाडकन दार लावलं.

आणि तो खरंच आला नाही! आठवडा गेला. शेजारच्या गल्लीतून त्याच्या माईकचा आवाज यायचा, लोक हसायचे, आमच्या गल्लीत चिटपाखरूही नाही. मी 'उत्तम' म्हटलं, म्हणून हा येतच नाही? भांडण असं अर्ध्यावर सोडतात का?

"सोरा," आई खालून म्हणाली, "मिरच्या तर कधीच भरून ठेवल्या. मग रोज वर काय वाळत घालतेस?"

मी तणतणत घराबाहेर पडले ती थेट डोंगरमाथ्यावर. बोचरा वारा होता. त्याची फेरी संपली होती, लोक गाडीवर मासळीच्या वड्यांचं गरम सार पीत होते. तो एकटाच कठड्याशी उभा होता.

"आमच्या गल्लीत काय काटे पेरलेत?"

तो गोंधळला. "तुम्हीच तर 'उत्तम' म्हणालात—"

"मी रागात काहीही म्हणते! तुम्हाला कळायला नको?"

त्याने हातातला साराचा कागदी पेला पुढे केला. मी रागारागानेच घेतला, रागारागानेच प्यायले. जीभ भाजली.

"तो प्रियकर कशाला रचलात?"

त्याने माईक बंद केला. बंद झालाय ना, हे पुन्हा एकदा पाहिलं.

"रोज इथून बघायचो. पूल, बंदर... आणि तुमचा दिवा. कोणासाठी लावता, हे विचारायची हिंमत नव्हती. म्हणून... जे सगळ्यात वाईट असेल तेच धरून चाललो. सांगून सांगून मलाही सवय व्हावी म्हणून."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. मीच तो ओढून परत आणला. "मूर्ख! विचारायचं ना!"

"आता विचारतो. कोणी आहे?"

"नव्हतं..." मी पेल्यात बघत म्हटलं. "आता होईल असं दिसतंय."

तो हसला, खालच्या वस्तीकडे वळला आणि एकदम म्हणाला, "तुमचा दिवा?"

आमच्या घरावर काळोख होता. रागाच्या भरात मी लावलाच नव्हता! अप्पा पायऱ्यांवर असतील... मी पळणार, तोच खाली तो पिवळा ठिपका लागला आणि माझा फोन वाजला.

"अप्पा! दिवा लावायचा राहिला... तुम्ही कसे—"

"आई खाली आली होती घ्यायला. मी घरीच आहे. आता मीच लावलाय, तुझ्यासाठी. वर आहेस ना? एकटीच?"

मी हानगिलकडे पाहिलं.

"बरं," अप्पा म्हणाले. "त्याला सांग, आपल्या दारापाशी एक पायरी फुटकी आहे. हात धरून या."

मी निरोप जसाच्या तसा दिला. हानगिलने तिथेच, कठड्यापाशीच माझा हात धरला. फुटकी पायरी अजून पार खाली होती, पण मी चकार शब्द काढला नाही.