बोलिव्हिया, दोन गल्ल्या सोडून

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा प्रवास दोनच दिशांना होतो, वर आणि खाली. आपला लिफ्टवाला गेली अकरा वर्षं इमानेइतबारे तेवढाच प्रवास करत होता आणि त्याची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. त्यामुळे दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर समोरच्या सिस्टरने पेन उघडून "कोणता देश?" असं विचारलं, तेव्हा त्याने आधी वर पाहिलं, मग खाली.

खरं तर तो आला होता धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. लिफ्टच्या दोराची तार तळहातात घुसली होती. खालच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "चौथा मजला, डावीकडे" असं सांगितलं, आणि हा डावीकडच्या पहिल्या दाराऐवजी दुसऱ्या दारात शिरला. तिथे परदेशी निघालेल्यांना लसी टोचत. रांगेत याच्या पुढे एक गृहस्थ होते. ते तीन खंडांच्या दौऱ्यावर निघाले होते आणि पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते.

मग याचा नंबर आला. सिस्टरने वर पाहिलं, कपाळावरची बट मनगटाने मागे सारली... आणि लिफ्ट एकदम दोन मजले खाली सुटावी तसं याचं झालं. अशा डोळ्यांसमोर 'मी चुकीच्या दारात आलोय' असं कोण कबूल करेल? तिच्या मागे भिंतभर जगाचा नकाशा होता. तिच्या उजव्या कानाशेजारी जो देश दिसला, तो त्याने वाचून टाकला.

"बो... बोलिव्हिया."

"अरे वा!" ती हसली. "सात वर्षांत तुम्ही पहिलेच. राजधानीत जाणार?"

"हो, राजधानीतच."

"कोणत्या?"

"म्हणजे?"

"दोन आहेत ना! कागदोपत्री सुक्रे. पण सरकार बसतं ला पाझमध्ये."

"दोन्हीकडे," तो म्हणाला. खोटं बोलायचंच, तर हात आखडता कशाला घ्यायचा?

"आणि पूर्वेच्या जंगलात? तिकडे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल."

"छे छे! जंगल आपल्याला झेपत नाही," तो घाईघाईने म्हणाला. सुईला तो लहानपणापासून घाबरायचा. उंच इमारतीच्या टोकावर लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून शीळ घालणारा हा माणूस, पण सुई दिसली की त्याला आई आठवायची.

धनुर्वाताची एक, विषमज्वराची एक, अशा दोन सुया दोन दंडांवर बसल्या. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला, तेव्हा सिस्टरला त्याची दया आली. "काविळीची लस पुढच्या मंगळवारी देते," ती म्हणाली. अर्जावर त्याने निघायची तारीख पुढच्या महिन्याची एक लिहिली आणि मुक्काम तीन आठवडे. तो दाराशी पोचला, तेव्हा तिने मागून हाक मारली.

"तिथून एक पोस्टकार्ड पाठवाल?"

नकाशाशेजारी एक फळा होता. नकाशावर ठिकठिकाणी टाचण्या टोचलेल्या होत्या, प्रत्येक टाचणी म्हणजे तिने लस टोचून पाठवलेला एक प्रवासी. फळा मात्र कोरा करकरीत होता.

"सगळे म्हणतात, सिस्टर, नक्की पाठवतो," ती फळ्याकडे न बघता म्हणाली. "सात वर्षांत एक नाही आलं. मला स्वतःला जाता येत नाही हो. साधी बससुद्धा लागते मला, मळमळतं. म्हणून वाटतं, निदान कार्ड तरी यावं."

"मी पाठवीन," लिफ्टवाला म्हणाला. आणि गंमत म्हणजे, त्या दिवसभरातलं एवढं एकच वाक्य त्याने अगदी मनापासून उच्चारलं होतं.

घरी त्याची थोरली ताई वह्या तपासत बसली होती. ताई शाळेत भूगोल शिकवायची.

"ताई, बोलिव्हिया कसा आहे गं?"

ताईच्या हातातलं लाल पेन गळून पडलं. "तुला नकाशात नदी काढायला सांगितली की तू पूर काढायचास. तू भूगोल विचारतोयस? कोण आहे ती?"

"ती कोण? मी देशाबद्दल विचारतोय."

"हो का? मग कान का लाल झाले देशाचे?"

शेवटी त्याने सगळं सांगितलं. ताई आधी पोट धरून हसली, मग तिने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, खोटं बोलायचं होतं तर एखादा जवळचा देश घ्यायचास! आता बस अभ्यासाला."

आणि तो खरंच बसला. शाळेत काठावर पास झालेला हा प्राणी आठवडाभर ताईची पुस्तकं उशाशी घेऊन झोपला. पुढच्या मंगळवारी बाही वर करता करताच त्याने तोंड उघडलं.

"सिस्टर, बोलिव्हियाला समुद्र नाही. पण नौदल आहे!"

"ठाऊक आहे," ती कापसाने दंड पुसत म्हणाली. "आणि ते सराव कुठे करतं?"

"टिटिकाका सरोवरात. जवळजवळ तीन हजार आठशे मीटर उंचावर. आणि ला पाझमध्ये लोक ऑफिसला रोपवेने जातात, आपण बसने जातो तसे. वर दोर, खाली अख्खं शहर! दोरांची निगा काय ठेवत असतील हो..."

"दोरांचं तुम्हाला फार कौतुक!"

"अं... हो, म्हणजे, छंद आहे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही आली. त्याला कळलंसुद्धा नाही.

"तिथे आत्ता किती वाजले असतील?" तिने सहज विचारलं.

"काय सांगावं? तिथल्या संसदेवरचं घड्याळ उलटं फिरतं."

तिला वाटलं, थाप मारतोय. त्याने ताईच्या पुस्तकातला फोटो काढून दाखवला, तशी ती इतकी हसली की बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी आत डोकावून पाहिलं. मग तो त्यांचा खेळच झाला. तळहाताची जखम दाखवायच्या निमित्ताने तो पुन्हा आला, मग लस टोचल्याचं कार्ड न्यायला आला, मग कार्डावरचा शिक्का पुसट आहे म्हणून आला. दर वेळी ती विचारायची, "तिथे किती वाजले?" आणि दर वेळी तो म्हणायचा, "तिथलं घड्याळ उलटं फिरतं." ती हसली की याचा दिवस सत्कारणी लागायचा.

महिनाअखेरीला तिने एक लाल टाचणी बोलिव्हियात टोचली. "ही तुमची," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस हळू चाला. उंचावर दम लागतो. आणि... सांभाळून."

त्या 'सांभाळून'ने त्याचा जीव कासावीस झाला. सगळं खरं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं, आणि "बरं" एवढंच म्हणून निघून आला.

एक तारखेपासून लिफ्टवाला बोलिव्हियात होता, म्हणजे दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून आपल्या कंपनीच्या ऑफिसात. तो मागच्या गल्लीने यायचा, मागच्या गल्लीने जायचा. दवाखान्याची लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे होती, ते काम त्याने जोडीदाराच्या गळ्यात घातलं. पोस्टकार्ड त्याने दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. पण ते टाकायचं कुठे? इथल्या पेटीत टाकलं तर इथला शिक्का बसणार. ताई म्हणाली, "ओळखीच्या कुणाकडून तिथला शिक्का मारून आणू या का?" यावर तो पहिल्यांदाच ताईवर चिडला. सात वर्षं जी बाई एका कार्डाची वाट बघतेय, तिच्या फळ्यावर पहिलंच कार्ड खोटं लावायचं?

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ऑफिसातला, लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठी ठेवलेला फोन वाजला. जोडीदार दुसरीकडे कामावर गेला होता.

"हॅलो, मी दवाखान्यातून बोलतेय, चौथ्या मजल्यावरची नर्स. लिफ्ट मध्येच अडकलीय. लसींची पेटी आहे माझ्याबरोबर, बर्फ वितळतोय. लवकर या हो!"

त्याने आपल्या साहेबांसारखा घोगरा आवाज काढला. "घाबरू नका बाई. माणूस पाठवतो." आणि तो माणूस, म्हणजे अर्थात स्वतःच, हत्यारांची पिशवी घेऊन पळत सुटला.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन त्याने आधी लिफ्टची वीज बंद केली. मग एका हाताने ब्रेकचा दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने मोठं चाक फिरवायला घेतलं. चाकाचा एक फेरा झाला की लिफ्ट चार बोटं सरकायची. भिंतीवरच्या, लिफ्टशी जोडलेल्या स्पीकरमधून तिचा आवाज येत होता.

"मिस्त्री, आहात ना? काहीतरी बोला ना... गप्प बसलं की जीव घाबरा होतो."

"हाताने चाक फिरवतोय बाई, काय बोलू?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"काहीही. नाहीतर मीच बोलते. सकाळपासून कशातच लक्ष नाहीये माझं. माझे एक... एक पेशंट बोलिव्हियाला गेलेत. रेडिओवर सांगितलं, तिथे आंदोलन चाललंय, दगडधोंडे टाकून रस्ते अडवलेत. एकटे आहेत हो ते. सुई बघून पांढरे पडतात, तिथे काय करत असतील?"

चाकावरचा त्याचा हात थांबला. "ठीक असतील ते," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?" तिचा आवाज ओला झाला. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तिथे आत्ता किती वाजले असतील..."

"तिथलं घड्याळ उलटं फिरतं," लिफ्टवाला म्हणाला. सवयीने. स्वतःच्या आवाजात.

चाकाचे दोन फेरे झाले.

"मिस्त्री," मग ती एकेक शब्द मोजत म्हणाली, "तुम्ही कुठून बोलताय?"

"मशीनच्या खोलीतून."

"कोणत्या देशातल्या?"

त्याने डोळे मिटले. "सिस्टर, आधी तुम्हाला बाहेर काढतो, मग..."

"चाक थांबवायचं नाही. बोलणंही थांबवायचं नाही. सगळं खरं सांगा, एकूण एक!"

मग त्याने चाक फिरवता फिरवता सगळं ओकून टाकलं. चुकीचं दार, तिच्या कानाशेजारचा देश, ताईची पुस्तकं, मागची गल्ली. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"अजून किती फेरे राहिले?" तिने विचारलं.

"तीन."

"मग राहिलेलं सांगा."

"मी आजवर कुठेच गेलेलो नाही," तो म्हणाला आणि एक फेरा झाला. "पोस्टकार्ड लिहिलंय. टाकलं नाही, एवढंच." दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली.

धाडधाड जिना उतरून त्याने किल्लीने दार उघडलं. ती पेटी छातीशी धरून उभी होती. नाक लाल झालं होतं, डोळे त्याहून लाल.

"वकिलातीत फोन केला मी! दोनदा!" ती कडाडली. "दुसऱ्यांदा तर त्यांनी माझा आवाजच ओळखला! आणि तुम्ही दोन गल्ल्या सोडून..."

त्याने खिशातून कार्ड काढलं. दहा-बारा दिवस खिशात राहून त्याचे कोपरे दुमडले होते. तिने ते हिसकावून घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचलं.

'सिस्टर, मी बोलिव्हियात नाही. इथेच आहे, दोन गल्ल्या सोडून. इथली हवा चांगली आहे. उंचीही फार नाही, तरी तुमच्या खोलीत आलो की दम लागतो. तुमची फार आठवण येते. हे कार्ड टाकायची हिंमत झाली, तर समजा की मी पोचलो.'

तिने ते दोनदा वाचलं. रागवायचं तिने पक्कं ठरवलं होतं, पण ओठांचे कोपरे काही ऐकेनात. पेटी त्याच्या हातात देऊन ती खोलीकडे चालू लागली, आणि हा मुकाट्याने तिच्या मागे गेला. लसी फ्रिजमध्ये गेल्या. मग तिने कोऱ्या फळ्याच्या अगदी मधोमध कार्ड लावलं आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिली. मग बोलिव्हियातली लाल टाचणी उपटून ती नकाशावर आपलं गाव शोधू लागली.

"एवढ्या मोठ्या नकाशात आपलं गावच नाही," ती पुटपुटली आणि टाचणी तिने खिशात ठेवून दिली.

"सिस्टर, काविळीचा दुसरा डोस..."

"सहा महिन्यांनी. तोपर्यंत दर मंगळवारी यायचं, हात दाखवायला."

"हात तर बरा झाला."

"मी विचारलं का?"

तो तोंडभर हसला. दारापर्यंत जाऊन धीर करून वळला. "आणि सहा महिन्यांनंतर?"

तिने खणातून अर्ज काढले. एक नाही, दोन. एक त्याच्यापुढे सरकवला, दुसरा स्वतःपुढे ठेवला.

"आधीच सांगते, मला बस लागते."

"तिथे रोपवे आहे."

"आणि तो मध्येच बंद पडला म्हणजे?"

"मी आहे ना," लिफ्टवाला म्हणाला.

तिने पेन उघडलं.