बसला हात कुणी करायचा?

"अहो, तुमची फांदी माझ्या केसांत अडकलीय!"

इंग्लंडमधल्या लडलो गावच्या बसथांब्यावर मी वळून ओरडले. फेब्रुवारीतल्या पावसाची बारीक पिरपिर चालली होती. मागे एक उंच तरुण, काखेत सफरचंदाची रोपं. थांब्यावर माणसं दोनच, तरी हा पठ्ठ्या शिस्तीत माझ्या मागे रांग लावून उभा!

"माफ करा... हलू नका हं," म्हणत त्याने फांदी सोडवली. बोटं थंडगार होती त्याची, पण माझे कान उगीचच तापले.

नाव बार्नबी प्यू. कलमं बांधायची आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव विकायची, हा त्याचा धंदा. तोही बसने, कारण गाडी चालवायच्या परीक्षेत स्वारी दरवेळी नापास.

"आणि तुम्ही?"

"मी टॅम्सिन. नुसती भटकतेय. ज्या गावी बाजार, त्या गावी मी."

"घेता काय बाजारात?"

"काही नाही. पायाला भिंगरी आहे माझ्या. शनिवारी रात्री एडिंबराची आगगाडी पकडायचीय, सोमवारपासून नवी नोकरी. एका गावात वर्ष काढलं की जीव गुदमरतो माझा."

"बापरे! आमच्या गावात तर आठवड्यातच गुदमराल."

त्यानंतर तो रोज भेटत राहिला. योगायोग म्हणे! गुरुवारी चर्च स्ट्रेटनच्या बाजाराला जाताना मी मुद्दाम लाल स्कार्फ घातला, हे कबूल करते. बसमध्ये आम्ही चीज-पाव वाटून खायचो. वळणावर खांद्याला खांदा भिडायचा... आणि रस्ता सरळ झाला तरी कुणी सरकायचं नाही. एव्हाना 'अहो'चं 'अरे' झालं होतं. पण मेला हवेपाण्याखेरीज दुसरं काही बोलेल तर शपथ! आणि मी? मी रोज रात्री बॅग भरायची, पुन्हा उपसायची. झोप म्हणून नाही.

शनिवारी त्याने मला आपल्या घराभोवतीची रोपवाटिका दाखवली. अंधारून आलं तसा तो मला बसपर्यंत सोडायला आला. थांबा म्हणजे काय, रोपवाटिकेच्या कुंपणापाशी एक खांब. इथे हात केल्याशिवाय बस थांबत नाही, आणि हात करायचा तो रांगेत पुढे असेल त्याने. स्टेशनकडे जाणारी ही शेवटची बस. यानंतर थेट सोमवारी.

'थांब म्हण ना रे... एकदाच म्हण,' माझ्या मनात नुसता कल्लोळ.

"उद्या उघडेल वाटतं," आभाळाकडे बघत बार्नबी म्हणाला.

बॅग त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली मला.

चढावर बसचे दिवे दिसले. जवळ आले... आणखी जवळ... माझा हात काही खिशातून निघेना. बस आमच्या पायांवर चिखल उडवून सरळ पुढे निघून गेली.

"टॅम्सिन... तू हातच केला नाहीस!"

"मग तू का नाही केलास? गाडी चुकली ना माझी!"

"पुढे तू होतीस. तुझ्या आधी मी कसा...?" तो अडखळला. "खोटं कशाला बोलू? मला करायचाच नव्हता. दोन्ही हात खिशात घट्ट दाबून धरले होते मी."

"अरे, मग तोंड का शिवलं होतंस? आठवडाभर नुसतं पाऊस, वारा, धुकं!"

"भीती वाटली गं. मी थांब म्हणायचं, तू थांबायचीस... आणि मग इथे गुदमरायचीस." तो आता आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "मला तू आवडतेस. फार आवडतेस. पण तुला अडवणारा मी कोण?"

माझे डोळे भरून आले. "मलाही तू आवडतोस, ठोंब्या. एडिंबराला फोन करून कळवते, येत नाही म्हणून. पण एक ऐकून ठेव, ही भिंगरी काही सुटायची नाही. कधीतरी जीव गुदमरणारच माझा. तेव्हा निघेन मी... आणि तुलाही चल म्हणेन. येशील?"

त्याने मागे वळून आपल्या रोपांच्या रांगांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"येईन," तो म्हणाला.

"मग चल आता. कुडकुडतेय मी... घरी जाऊ."

'घरी' हा शब्द तोंडून कसा निसटला, माझं मलाच कळलं नाही. बार्नबीला मात्र कळला. त्याने माझी बॅग उचलली आणि माझा हात धरला.