खात्याच्या बाईला मिश्या नव्हत्या

टोपी उडाली ती थेट स्त्रातिसच्या पिठाच्या पोत्यांवर येऊन पडली.

ग्रीसमधल्या त्या छोट्या बेटाच्या बंदरावर उत्तरेचा वारा नुसता पिसाळला होता. स्त्रातिस बोटीतून आलेली पोती टेम्पोत चढवत होता, घामानं ओला आणि कोपरापर्यंत पांढरा. टोपीमागे एक मुलगी धावत आली. केस तोंडावर, धाप लागलेली, तरी हसत होती. त्यानं टोपी उचलली आणि गवताच्या त्या टोपीवर पिठाची पाच बोटं उमटली.

“गेली ही आता,” तो म्हणाला. “माझी छाप पडली.”

“धुतली की जाईल.”

“माझं पीठ? पाणी लागलं की ते अजून घट्ट बसतं.”

ती पुन्हा हसली, आणि ही इथून जाऊ नये म्हणून स्त्रातिस तोंडाला येईल ते बोलत सुटला. त्याच्या बेकरीचं दुकान भाड्याचं; मालकाला तिथं पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, म्हणून सप्टेंबरात जागा सोडायची. नव्या बेकरीचा पाया आजपासून खणायचा. भट्टी वेळेत पेटली नाही तर गाव सोडून आथेन्सला चुलतभावाच्या दुकानात राबायला जावं लागणार. आणि त्यात आज मितिलिनी शहराहून पुरातत्त्व खात्याची बाई येणार! इथं पाया खणायचा तो तिच्या डोळ्यांदेखत. जुनं काही निघालं की काम बंद.

“कशी आहे ही बाई?” मुलीनं विचारलं.

“बघितली नाही अजून. पण मिश्या असणार, मला खात्री आहे.”

तासाभरानं तो प्लॉटवर पोचला. जेसीबीच्या शेजारी तीच टोपी उभी होती, पाच बोटांसकट.

“मिर्सिनी. खात्याची,” ती म्हणाली. “मिश्या घरी राहिल्या.”

जेसीबीवाला पानागोस इतका हसला की त्याची विडी खाली पडली. स्त्रातिसला मात्र खड्डा खणून आधी स्वतःलाच त्यात गाडून घ्यावंसं वाटलं.

मग रोज ती अंजिराच्या झाडाखाली उलट्या खोक्यावर बसायची. जेसीबीचं खोरं रिकामं झालं की उठून वाकायची, चिमटीनं काही उचलायची, पुन्हा टाकायची. रस्त्यानं जाणारे गावकरी आजाऱ्याच्या घरी यावं तसे येऊन हळूच विचारायचे, अजून काही निघालं नाही ना? स्त्रातिस तिच्यासाठी गरम तिळाचं कडं, बांगडीसारखा गोल पाव, घेऊन यायचा.

“ही लाच आहे का?” पहिल्या दिवशी तिनं विचारलं.

“लाच असती तर आत चीज घातलं असतं.”

दुसऱ्या दिवशी कड्यात चीज होतं. तिनं ते बघितलं आणि तिचे कान लाल झाले. त्या दिवशी स्त्रातिसनं तीन पाव करपवले आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

एकदा त्यानं विचारलं, सगळं गाव तोंड वाकडं करतं, तरी ही नोकरी का करता? तिनं हातातली माती बोटांनी चुरली. जमीन एकदाच उकरता येते, ती म्हणाली, चुकलं तर परत नाही, म्हणून कुणीतरी समोर बसायला हवं... मग कड्याचे तीळ बोटानं टिपत तिनं हळूच पुढं जोडलं, “आणि ह्या गावात बसायला... बरं वाटतं.”

स्त्रातिसच्या एर्मिओनी आत्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. खड्डा खणायला जाताना भाचा केस विंचरून जातो, हे तिनं पाहिलं आणि संत्र्याचा रस, मनुका, अक्रोड घालून संत फानुरिओसचा केक भाजायला घेतला. हरवलेलं आणि हवं असलेलं शोधून देणारा संत तो. नवस बोलायचा, केक वाटून टाकायचा. आत्या मोठ्या उत्साहानं प्लॉटवर वाटायला आली. पानागोसनं घास घेतला आणि चावता चावता थांबला.

“आत्या, तू फानुरिओसला ‘सापडू दे’ म्हणून सांगितलंस? इथं? पाया खणत असताना?”

आत्याचा हात तोंडावर गेला. “मी मुलगी मागितली रे!”

“मग नाव-पत्ता नीट द्यायचास.”

मिर्सिनी खळखळून हसली. मग कुठली मुलगी ते तिच्या ध्यानात आलं आणि ती घाईघाईनं मातीचा ढिगारा तपासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेवटचा कोपरा उरला होता. कचेरीतून फोन आला म्हणून मिर्सिनी वाऱ्याच्या आडोशाला, शेजारच्या चर्चमागे गेली. तेवढ्यात खोरं खालच्या दगडावर करकरलं. पानागोसनं यंत्र बंद केलं. मातीतून घडीव दगडांची गोल कड डोकावत होती. जुनी, फार जुनी विहीर.

“ती फोनवर आहे,” पानागोस खालच्या आवाजात म्हणाला. “दोन खोरी माती टाकतो. मी काही बघितलं नाही.”

स्त्रातिसला आथेन्स दिसलं, गावातलं बंद शटर दिसलं. आणि चर्चच्या कोपऱ्याशी पाठमोरी मिर्सिनी दिसली, एका हातानं टोपी धरून उभी.

“मिर्सिनी...” त्यानं हाक मारली. मॅडम न म्हणता, पहिल्यांदाच.

ती आली, गुडघ्यांवर बसली, तळव्यानं माती सारली. तिचा चेहरा आधी आनंदानं फुलला आणि मग उतरला.

“स्त्रातिस, मला काम थांबवावं लागणार.”

“माहीत आहे.”

“तरी बोलावलंत?”

“तुम्हाला रोज कडं आणून द्यायचंय मला,” तो म्हणाला. “तोंड दाखवता यायला हवं ना.”

तिचे डोळे भरून आले. संध्याकाळच्या बसनं मितिलिनीला गेली ती परत आलीच नाही. त्यानं फोन केला तर एवढंच म्हणाली, “या कामाचा निकाल लागेपर्यंत माझ्याशी बोलू नका.” विहीर मिळाली आणि मुलगी हरवली, असा हिशेब पानागोसनं मांडला. आत्यानं संताशी अबोला धरला. स्त्रातिस आथेन्सच्या बोटीची चौकशी करून आला. भट्टीपेक्षा अंजिराखालचं ते रिकामं खोकं त्याला जास्त छळत होतं.

मग एका सकाळी खात्याची गाडी आली. त्यातून झुबकेदार मिश्यांचे एक गृहस्थ उतरले, कोस्मास नावाचे.

“आल्या मिश्या,” पानागोस पुटपुटला.

कोस्मासनी माणसं लावून विहिरीभोवतीची माती काढून घेतली, मोजमाप केलं, फोटो काढले. काही दिवस हेच चाललं. शेवटच्या दिवशी त्यांनी स्त्रातिसला पायापासून डोक्यापर्यंत निरखून पाहिलं. त्यालाही राहवेना. बाई का आल्या नाहीत, त्यानं विचारलं.

“तिनंच हे काम सोडलं,” कोस्मास म्हणाले. “भर कचेरीत उभी राहिली. साहेबांना म्हणाली, या जागेचा निर्णय माझ्याकडे ठेवू नका, माझं त्या बेकरीवाल्यावर प्रेम बसलंय. मी त्याच्या बाजूनं काही लिहिलं तर उद्या लोक ते खोटं ठरवतील आणि नुकसान त्याचं होईल.”

स्त्रातिस मातीच्या ढिगाऱ्यावर बसला. “मला... मला नाही सांगितलं.”

“निर्णय व्हायच्या आधी तुम्हाला कशी सांगेल?” कोस्मासनी मिशीवरून हात फिरवला. “तो आज झाला. विहीर झाकून जपायची, पाया समुद्राच्या बाजूला सरकवायचा. सप्टेंबरात भट्टी पेटवा. ती डोंगरावरच्या प्राचीन नाट्यगृहापाशी गवत कापून घेतेय, वणव्याचे दिवस आहेत. जा की, बसलात काय?”

टेम्पो सुरू झाला तेव्हा आत्या केकचा तुकडा खिडकीतून आत टाकत होती आणि संताशी पुन्हा गोड गोड बोलत होती.

डोंगरावर वाळल्या गवताचा वास भरला होता. मिर्सिनीनं त्याला येताना पाहिलं आणि टोपी पार डोळ्यांवर ओढली.

“अख्ख्या कचेरीला सांगितलंस,” तो म्हणाला. “मला सोडून.”

“तुला शेवटी सांगणार होते.”

“मग सांग.”

गवत कापणाऱ्यांनी एकेक करून यंत्रं बंद केली. मिर्सिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, स्त्रातिस. मिश्या नाहीत, पण... चालेल?”

त्यानं हळूच तिची टोपी उचलली. पिठाची पाच बोटं होती तिथंच होती, आणि त्याचा हात नेमका त्यांच्यावर बसला.

“अजून गेली नाही ही छाप?”

“कशी जाईल?” ती म्हणाली. “धुतलीच नाही मी.”