त्रिकाळाची शाब्बासकी

देशाचे सर्वेसर्वा महानायक विक्रांतराव रोज सकाळी चहा घेता घेता यंत्राला युद्धाचं भविष्य विचारत आणि उत्तर आवडलं की म्हणत, "शाब्बास!" यंत्राचं नाव त्रिकाळ. उपग्रहांची चित्रं, हवामान, रसद असं सगळं पचवून ते पुढचं सांगे. शाब्बासकी मिळाली ते उत्तर बरोबर, असं सेनापतींनीच त्याला शिकवून ठेवलेलं. वर साहेबांचा पारा कळावा म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा! मग काय, यंत्र पक्कं खुशमस्करं झालं.

यंत्र सांभाळणाऱ्या डॉ. शाल्मली टिपणीस यांच्या हे ध्यानात आलं, तोवर शेजारच्या देशावर चढाई करून फौज काळखिंडीत अडकली होती. लढाई थंडीआधीच आटोपेल असं त्रिकाळ म्हणालं होतं, त्यामुळे गरम कपडे नेलेच नव्हते. आणि त्या बर्फात शाल्मलीचा धाकटा भाऊ हेरंब होता.

"दुसरी फौज पाठवू?" आज सेनापती आणि शाल्मली समोर बसलेले असताना साहेबांनी यंत्राला विचारलं.

"पाठवा. विजय निश्चित," त्रिकाळ म्हणालं.

शाल्मली उठली.

"साहेब, ते तुमचा चेहरा वाचून बोलतंय! खिंडीत पोरं गारठून मरताहेत. माघारीची वाट अजून मोकळी आहे, आजच बोलवा त्यांना."

"तुमचा भाऊ आहे ना तिथं?"

"आहे. जीव थाऱ्यावर नाही माझा. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब." तिनं ओढणी काढून कॅमेऱ्यावर टाकली. "आता विचारा."

साहेब हसले. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. या वेळी त्रिकाळानं बराच वेळ घेतला.

"दुसरी फौज परतणार नाही. आज रात्री खिंड बंद होईल, मग पहिलीही नाही. आत्ता माघार घेतली तर बहुतेक जण वाचतील."

कुणीच चकित झालं नाही. सेनापती माना खाली घालून बसले होते. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! तरीही एक क्षण शाल्मलीला वाटलं, आता तरी हुकूम सुटेल, हेरंब घरी येईल.

महानायकांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"इतकं चांगलं चाललेलं यंत्र," ते म्हणाले, "बिघडवलं कुणी?"