कोरसनं सोडलेली ओळ

त्याच्या खांद्यावर मी झोपले, तेव्हा मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

पालमहून परभणीला जाणारी सकाळची एसटी. खिडकीची काच लागत नव्हती, पावसाचे शिंतोडे गालावर येत होते आणि मी ग्रीक शोकांतिकेचे घटक मनातल्या मनात घोकत होते. कथानक, स्वभाव, विचार… पुढचं आठवेना. मान कधी कलंडली, कळलंच नाही. जाग आली ती गोदावरीच्या पुलावर. बघते तर माझं डोकं एका परक्या माणसाच्या खांद्यावर, आणि तो बिचारा अंग चोरून बसलेला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या केसांच्या तेलाचा डाग पडला होता.

मी ओशाळून माफी मागितली. तो म्हणाला, काही नाही, बसा. मग मागे सरणाऱ्या पुलाकडे बघत हळूच सांगितलं, की त्याला खरं तर गंगाखेडला उतरायचं होतं. तिथल्या एका कचेरीत तो कारकून होता.

"मग उतरला का नाहीत?"

"उतरायचं म्हणलं तर तुमाला उठवावं लागलं असतं… आन् तुमी लय थकलेल्या दिसल्या."

बाई गं. वाळलीस, काळवंडलीस, वय निघून चाललं, असं सगळं मला लोकांनी ऐकवलं होतं. थकलीस असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मला एकदम रडूच यायला लागलं, म्हणून मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसले.

आणि थकले तर होतेच. परभणीच्या एका कॉलेजात मी नाट्यशास्त्र शिकवते, तेही तासिकेवर. म्हणजे पुढच्या वर्षी असेन की नसेन, ते कॉलेजलाच ठाऊक. रोजचा येण्याजाण्याचा प्रवास वेगळा. आणि रविवारी आराम म्हणाल, तर रविवारी मला बघायला पाहुणे. पोहे करून करून माझ्या बोटांचा पिवळा रंग जाईनासा झाला होता.

त्याचं नाव सिद्धोधन. दुसऱ्या दिवसापासून तो रुमाल टाकून माझी जागा धरायला लागला. काय शिकवता म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, लोकांना रडवायचं कसं ते शिकवते. तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय मला तेव्हाच आवडली, उगाच कशाला लपवू. मग रोज गंगाखेड येईपर्यंत माझं व्याख्यान आधी त्याच्यावर. नायकाची चूक म्हणजे पाप नव्हे, नेम चुकणं. मग फासे उलटतात, मग त्याला सत्य कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा ऐकायचा. कोरस हा शब्द आला, तेव्हा मात्र त्याचे कान टवकारले.

कारण तो स्वतःच कोरसवाला होता. मामाची भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम. मामा पुढे पेटी घेऊन बसायचे आणि हा मागे टाळ्या देत त्यांची ओळ उचलायचा. स्वतःची ओळ आजवर एकदाही गायलेला नाही, असं त्यानंच सांगितलं.

"तुमच्या ग्रीक लोकायचा कोरस काय करतो?"

मी सांगितलं, बाजूला उभा राहतो. त्याला सगळं दिसत असतं, पुढे काय होणार याची धास्तीही असते. नायक डोळ्यांदेखत खड्ड्यात जातो आणि हे गात राहतात.

"आन् कोणी हात धरत न्हाई?"

"नाही."

गंगाखेड आलं, तेव्हा तो रुमाल सीटवरच विसरून उतरला.

आमच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. ग्रीक घाटाचं छोटं नाटक त्यांनी स्वतःच रचलं होतं. एक सरपंचबाई गावाचं गायरान वाचवायला वर्षानुवर्षं भांडते आणि शेवटी निव्वळ थकून ते देऊन टाकायला होकार देते. गोष्ट चांगली होती, कोरस मात्र भयंकर. मुलं शाळेतल्या प्रार्थनेसारखी ओरडायची. म्हणून मी सिद्धोधनला बोलावलं. तो शनिवारी येऊन मुलांना शिकवू लागला. त्याचा नियम एकच: पुढच्यानं टाकलेली ओळ उचलायची. बेसूर असो, चुकीची असो, उचलायचीच. ओळ खाली पडली, की कार्यक्रम पडला. मामांचा आवाज बसला, तरी त्यानं कधी ओळ पडू दिली नव्हती. मुलं त्याच्यावर फिदा. राजनंदिनी, आमची सरपंचबाई, मला डोळे मिचकावून विचारायची, सर पुढच्या शनिवारी पण येणारेत ना मॅडम?

येत होता. माझ्यासाठी चहा आणायचा, स्वतः आधी चाखून, साखर कमी आहे ना बघून. इतकं सगळं करायचा आणि बोलायचा काहीच नाही. मी वाट पाहत राहिले. मीच का बोलले नाही, असं विचाराल, तर आयुष्यात सगळं मीच ओढत आणलं होतं. एवढं एक तरी दुसऱ्या कुणी पुढे होऊन करावं, असं वाटत होतं.

मग नांदेडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत. पाहुणे रविवारी येणार होते. आई, म्हणजे सरजाबाई, या वेळी भांडली नाही, नुसती म्हणाली, "सुके, आता मला बी दम न्हाई गं. एवढं जमव." तिचा चेहरा बघून मी होकार द्यायचं जवळजवळ ठरवलं. शनिवारी सकाळी बसमध्ये सिद्धोधनला सांगितलं. तो बराच वेळ तिकिटाची सुरळी करत बसला.

"बँक म्हणजे… चांगलंच की."

मला इतका राग आला, की परभणी येईपर्यंत मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मान ताठ ठेवून.

त्या दिवशी राजनंदिनीला होकाराचा प्रवेश काही केल्या जमेना. ती रागानं बोलायची. मी म्हटलं, अगं, ही बाई चिडलेली नाही, तिच्यात चिडण्याचंही बळ उरलेलं नाही. थांब, करून दाखवते. मी मधे उभी राहिले. मागे अर्धवर्तुळात कोरस, आणि कडेला तो.

"मी थकले," मी म्हणाले.

"थकले… मी थकले," मागून कोरस आला. सगळ्यांत खाली त्याचा आवाज होता.

"उद्या मी हो म्हणते."

मी हे नाटकातलं म्हणत नव्हते. आवाजच सांगत होता, मला लपवता आलं नाही.

"हो म्हणते…" मुलांनी सुरुवात केली आणि एकेक करून थांबली, कारण त्यांना धरून ठेवणारा खालचा आवाजच नव्हता. ओळ पडली. मी वळून पाहिलं. सिद्धोधन टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून उभा होता.

"सर, ओळ," कुणीतरी कुजबुजलं.

"ही ओळ म्या उचलणार न्हाई." तो अर्धवर्तुळ सोडून पुढे आला, आणि पहिल्यांदाच मॅडम न म्हणता बोलला. "सुकेशनी, उद्या हो म्हणू नका. म्हणजे… त्यायला म्हणू नका. मला म्हणा."

राजनंदिनीनं तोंडावर हात ठेवला. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होते, पण डोळे भरून आले आणि मी सगळ्या वर्गासमोर रडले. इतकी वर्षं रडवायचं कसं ते शिकवत होते, आणि आता पदर शोधत होते.

"म्हणते," मी म्हणाले. "तुम्हालाच म्हणते."

स्टँडवरूनच आईला फोन केला, की उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळव, माझं मी जमवलंय. ती आधी रागावली, मग मुलाचं नाव विचारलं, मग म्हणाली, बरं, पोहे त्यालाच करू.

संध्याकाळच्या गाडीत त्यानं खिडकीची जागा मला दिली. काच याही गाडीची लागत नव्हती. पूल आला, पाण्यावर थोडा उजेड उरला होता.

"झोपा आता. पालम आलं की उठवतो."

"झोप नाही आली," मी म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.