बाकाकडची कड

आमचे हे झोपेत कायम माझ्याकडे कूस वळवतात. लग्न झाल्यापासूनची खोड. मी पलंगाची बाजू बदलली, की झोपेतच वळणार. "अहो, मी काय पळून जातेय?" म्हणून मी चिडवायची. हे नुसते हसायचे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं बेताचंच.

मग लिव्हरनं दगा दिला. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, तरी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरू लागलं. दुसरं लिव्हर मिळायची आशा नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी स्टेम सेलचं सुचवलं. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. हा उपचार अजून तपासून बघताहेत, खात्री कुणीच देणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मगज काढायला नेताना ह्यांनी माझा हात धरला.

"माझं काहीतरी तिकडे एकटं राहणार. जरा लक्ष ठेव."

"मी हलत नाही तिथून," मी म्हटलं.

आणि नाहीच हलले. लॅबला काचेची भिंत होती, बाहेर लाकडी बाक. ह्यांना भरवून झालं, की मी लोकरीची पिशवी घेऊन बाकावर हजर. ह्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. लॅबमधली बाई आधी वैतागली, मग आपल्याबरोबर माझाही चहा सांगू लागली.

एकदा ती बाहेर येऊन घुटमळली. पेशी म्हणे बाटलीच्या तळाला सगळीकडे सारख्या पसरायला हव्यात. ह्यांच्या मात्र एकाच कडेला दाटल्या होत्या, बाकाकडच्या. तिनं बाटली फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी परत बाकाकडेच. बाटली ठेवायचं कपाट कललं असेल म्हणून पाहिलं, तर तेही सरळ.

"काकू, आज जरा पलीकडे बसता का? जिन्यापाशी?"

मी बसले. दुसऱ्या दिवशी तिनं मला आत बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. जिन्याकडची कड गच्च भरली होती, बाकीचा तळ मोकळा. बाई दोन पावलं मागे सरकली होती. मला मात्र भीती वाटली नाही, रडूच आलं. इथेही वळलेच की हे!

पेशी ह्यांच्या अंगात सोडल्या. हळूहळू डोळे निवळले, पोट उतरलं, जेवणावर वासना आली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. घरी निघायच्या गडबडीत माझी लोकरीची पिशवी तेवढी बाकावर राहून गेली.

घरी आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. खोटं कशाला बोलू, मनाला लागलं माझ्या. मी पलंग फिरवून घेतला, तर झोपेत पुन्हा त्याच दिशेला वळले. त्या दिशेला हॉस्पिटल आहे, हे माझ्या जरा उशिराच ध्यानात आलं.

एका दुपारी हे गुंगीत असताना मी विचारलंच, "माझ्यावर रागावलात का?"

"राग कसला? तू तिकडे बसलीयेस ना."

"अहो, मी इथे आहे."

"इथेही आहेस." ह्यांनी माझा हात थोपटला आणि झोपी गेले.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन लॅबला फोन लावला. उरलेल्या पेशी टाकून दिल्या का, विचारलं. नाही, एक बाटली तिनं ठेवली होती. टाकवली नाही म्हणे.

"कुठल्या कडेला आहेत?"

"बाकाकडच्याच."

बरं वाटलं ऐकून. मग म्हटलं, माझी लोकरीची पिशवी बाजूला काढून ठेव, येऊन घेऊन जाईन.



"काकू, तुम्ही तर रोज येताय." तिचा आवाज एकदम खाली गेला. "आत्ताही बसलाय समोर. मान खाली घालून विणताय. दुसरी बाही होत आलीये."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"काकू... फोन नाहीये तुमच्या हातात."

दारातून हे दिसत होते. गाढ झोपले होते, भिंतीकडे तोंड करून. गालांवर छान रंग आला होता.

"बसू दे तिला," मी म्हटलं. "उठवू नकोस तिथून."